नास्तिकाच्या घरची पौर्णिमा

1944 साल संपत आलं होतं. आगाखान पॅलेसच्या स्थानबद्धतेतून गांधीजी मे महिन्यात सुटले होते. महादेवभाई आणि कस्तुरबा या दोघांनाही तिथंच गमावून ते सेवाग्रामला परतले होते. तब्येत साथ देत नव्हती, भेटीगाठींवर बंधनं होती. अशा दिवसांत आंध्रातून एक बेचाळीस वर्षांचे गृहस्थ त्यांना भेटायला आले. खेड्यात अस्पृश्यतानिवारणाचं आणि साक्षरतेचं काम करणारे म्हणून आश्रमात त्यांची थोडीफार माहिती होती. पण हे काम मी नास्तिक म्हणून करतो, नास्तिक असल्यामुळेच करतो, असं ते स्वच्छ सांगत. देव नसलेल्या माणसाशी मी काय बोलणार, असं गांधीजींनी पहिल्या भेटीत त्यांना हसत हसत विचारलं होतं. नंतर मात्र ते त्यांच्याशी पुष्कळ बोलले.

गोपराजू रामचंद्र राव हे त्यांचं नाव. सगळे त्यांना ‘गोरा’ म्हणत. ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. जन्म ब्राह्मण घरातला. जानवं घालायला नकार दिला म्हणून वडिलांनी घराबाहेर काढलं, जातीनं बहिष्कार टाकला. देवाच्या कल्पनेवर लेख लिहिला म्हणून 1933 साली काकिनाड्याच्या कॉलेजातली नोकरी गेली. पुढे मच्छलीपट्टणची नोकरीही याच कारणानं सुटली. पत्नी सरस्वती त्यांच्या बरोबरीनं उभ्या होत्या. गरोदर बाईनं ग्रहणात बाहेर पडू नये हा नियम त्यांनी स्वतः गरोदर असताना मोडला. भुताचं म्हणून जे घर कुणी घेत नव्हतं, त्यात दोघांनी बिऱ्हाड थाटलं. 1940 साली कृष्णा जिल्ह्यातल्या मुदुनूर या खेड्यात त्यांनी ‘नास्तिक केंद्र’ सुरू केलं. 1947 साली ते विजयवाड्याला हलवलं, आणि ते तिथं आजही आहे. त्यांना नऊ मुलं. मिठाच्या सत्याग्रहाच्या साली जन्मलेल्या मुलाचं नाव लवणम, महायुद्धाच्या सुमारास जन्मलेल्या मुलाचं समरम. नवव्या मुलाचं नाव नऊ. देवादिकांची नावं या घरात कुणाला ठेवली गेली नाहीत.

माणसाला नीतीनं वागायला धर्म लागतो का, हा प्रश्न आपल्याकडे बहुतेक वेळा व्याख्यानमालेत नाहीतर टीव्हीच्या पडद्यावर येतो, आणि दोन्हीकडची माणसं ठरलेली वाक्यं बोलून घरी जातात. मला तो प्रश्न सेवाग्रामच्या त्या भेटीतून बघावासा वाटतो. तिथं समोरासमोर बसलेल्या दोघांनीही आपापल्या उत्तराची किंमत मोजलेली होती.

आज या प्रश्नाचं उत्तर लोक काय देतात, ते आधी पाहू. प्यू या अमेरिकी संशोधनसंस्थेनं 2019 साली 34 देशांत विचारलं होतं, की चांगलं वागण्यासाठी, नीतिमूल्यं पाळण्यासाठी देवावर विश्वास असावाच लागतो का? भारतात 79 टक्के लोक हो म्हणाले. इंडोनेशिया आणि फिलिपिन्समध्ये हे प्रमाण 96 टक्के निघालं, स्वीडनमध्ये जेमतेम 9. हे आकडे माणसं कशी वागतात ते सांगत नाहीत. आपण भरवसा कुणावर टाकतो, एवढंच त्यांतून कळतं. भाड्यानं खोली देताना, मुलीसाठी स्थळ बघताना, दुकानात हाताखाली पोरगा ठेवताना ‘देवभोळा आहे’ हे आपल्याकडे चांगल्या वर्तणुकीच्या दाखल्यासारखं चालतं. ‘देवाला भिऊन वाग’ असं सांगतच आपण मुलं वाढवतो. वर बघणारा कुणी नसेल तर माणसाला आवरणार कोण, ही भीती खरी आहे आणि तिला हसण्यात काही अर्थ नाही. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या, 13 देशांतल्या एका अभ्यासात तर असं दिसलं, की एखादं क्रूर कृत्य नुसतं वर्णन करून सांगितलं, तर ते करणारा नास्तिकच असणार असं लोकांना सहज वाटतं. स्वतः देव न मानणारेही याच अंदाजाकडे झुकलेले निघाले.

या संशयाची महाराष्ट्राला जुनी ओळख आहे. गोपाळ गणेश आगरकर जिवंत असताना पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची प्रेतयात्रा काढली. देव, श्राद्ध, सोवळं हे काहीच न मानणारा माणूस कॉलेजात पोरांना शिकवतो, हे लोकांना सहन होत नव्हतं. आणि ज्याच्याबद्दल एवढा संशय, त्या माणसानं मोठ्या पगाराच्या वाटा सोडून शाळा काढली, फर्ग्युसनचं प्राचार्यपद सांभाळलं, दम्यानं जर्जर होऊन 1895 साली चाळिशीही न गाठता देह ठेवला. त्यांच्या पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या, पूजाअर्चा करत. आगरकरांनी त्यांच्यावर कधी सक्ती केली नाही. आपल्या अंत्यविधीचा खर्चही दुसऱ्यावर पडू नये म्हणून त्यांनी पैसे वेगळे काढून ठेवले होते. वरून कुणी पाहत नाही याची ज्याला खात्री होती, त्याचा हा हिशेब आहे.

आता पुन्हा सेवाग्राम.

गांधीजींनी गोरांना विचारलं, की तुम्ही अस्पृश्यतेविरुद्ध काम करता, सहभोजनं घालता, हे सगळं ठीक. पण त्यासाठी नास्तिकपण कशाला हवं? गोरांनी उत्तरादाखल कलकत्त्याचा दुष्काळ पुढे ठेवला. आपण तिथं गेलो होतो, ते म्हणाले. भुकेलेली माणसं रस्त्यावरून पाय ओढत चालत होती आणि मिठाईच्या, फळांच्या भरल्या दुकानांसमोर कोसळून मरत होती. एखादा भुकेला बैल किंवा कुत्रा असता तर त्यानं मारापिटाची पर्वा न करता दुकानात तोंड घातलं असतं. या माणसांनी का घातलं नाही? पोलिसाची भीती म्हणावी, तर मरणाच्या दारातल्या माणसाला पोलीस काय करणार? आणि दुकानदार तरी निर्दय होते का? तसंही नाही. आपल्या नशिबी हेच आहे, हे देवानंच नेमून दिलंय, असं मरणाराही मानत होता आणि बघणाराही. हा समज मोडल्याशिवाय माणूस माणसाची जबाबदारी घेणार नाही, म्हणून मला नास्तिकपण हवं, असं गोरांचं म्हणणं.

हा युक्तिवाद मला आजही हलवून टाकतो. बंगालच्या दुष्काळाची कारणं पुष्कळ होती. युद्ध होतं, सरकारी धोरण होतं, साठेबाजी होती. ती सगळी कर्मसिद्धांतावर ढकलता येणार नाहीत. पण गोरांनी प्रश्नाची दिशाच फिरवली. देव नसेल तर माणूस वाईट वागेल, अशी लोकांना धास्ती असते. गोरा विचारत होते, की देवावर भार टाकल्यामुळे माणूस चांगलं वागायचं राहून जातं, त्याचं काय करायचं?

गांधीजी चिडले नाहीत. माझी आस्तिकता बरोबर आणि तुमची नास्तिकता चूक असं मी म्हणू शकत नाही, आपण दोघंही सत्य शोधतो आहोत, या आशयाचं ते बोलले. हा नुसता मोठ्या माणसाचा समजूतदारपणा नव्हता. ईश्वर हे सत्य आहे असं आधी म्हणणारे गांधीजी 1931 पासून सत्य हाच ईश्वर आहे असं म्हणू लागले होते. देव नाकारणारे आहेत, पण सत्य नाकारणारा कोण, असा त्यांचा विचार. तरी ते काही तर्ककठोर विवेकवादी नव्हते. 1934 च्या जानेवारीत बिहारमध्ये भूकंप झाला तेव्हा अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा आहे, असं त्यांनी सांगितलं होतं. रवींद्रनाथांनी त्यावर जाहीर हरकत घेतली. हरकत घेणारे रवींद्रनाथही देव मानणारेच होते. शिक्षा करणारा देव एकदा मधे आणला की त्याच भूकंपाचं कारण सनातनी नेमकं उलटं लावू शकतात, अस्पृश्यता सोडली म्हणून देव कोपला असं म्हणू शकतात. दैवी कोपाला स्वतःची नीती नसते. सांगणाऱ्याची जी नीती, तीच त्याची.

गोरांनी आपली थोरली मुलगी मनोरमा हिचं लग्न अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या अर्जुन राव या तरुणाशी करायचं ठरवलं. गांधीजींचा तोवर नियम झाला होता, की वधूवरांपैकी एक हरिजन असल्याशिवाय आपण लग्नाला आशीर्वाद द्यायचे नाहीत. हे लग्न सेवाग्रामात आपण स्वतः लावू, असं त्यांनी कबूल केलं. अर्जुन रावांनी आधी आश्रमात राहावं अशी इच्छा सांगितली आणि ते राहिलेही. मग शपथेचा मुद्दा आला. आश्रमातल्या विवाहविधीत ईश्वराला स्मरून वचन घेतलं जाई. नास्तिकाच्या मुलीनं ते का घ्यावं? गांधीजींनी ईश्वराच्या जागी सत्य घ्यायची तयारी दाखवली. पुढे 30 जानेवारी आली. लग्न 13 मार्च 1948 रोजी सेवाग्रामातच लागलं. ते लावणारे गांधीजी नव्हते.

शपथेतल्या शब्दांच्या या बदलाकडे मी अनेकदा परत येते. दोघांनीही आपली भूमिका सोडली नाही. गांधीजी रोज प्रार्थना करत राहिले, गोरा शेवटपर्यंत नास्तिक राहिले. 1975 साली विजयवाड्यात सभेत बोलता बोलताच ते गेले. पण मुलगी कुणाच्या घरी द्यायची, ताट कुणाच्या शेजारी मांडायचं, या प्रश्नांवर दोघांचं उत्तर एकच होतं. आणि ज्यांचं उत्तर वेगळं होतं, ते आस्तिकच होते, मनापासून आस्तिक.

हे सेवाग्रामच्या परिसरातच पाहता येतं. वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनी 1928 साली अस्पृश्यांना खुलं केलं, तेव्हा त्यांना विरोध करणारेही त्याच देवाला हात जोडत होते. पंढरपुरात तर हे टोकाला गेलं. साने गुरुजींइतका ओल्या मनाचा भाविक विरळा. विठ्ठलाचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून आधी महिनोन् महिने त्यांनी महाराष्ट्र पालथा घातला आणि 1 मे 1947 ला तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. दहा दिवसांनी मंदिराची दारं उघडली. उपोषण चुकीचं आहे, सोडा, असं खुद्द गांधीजींनी कळवलं होतं. गुरुजींनी ते ऐकलं नाही. मंदिर खुलं होणार म्हटल्यावर विरोधकांनी विठ्ठलाचं तेज घागरीत काढून घेतलं, असं सांगतात. देव तोच, अभंग तेच, वारीची वाटही तीच. त्यातून एकाला अन्नत्याग करावासा वाटला आणि दुसऱ्याला घागर भरावीशी वाटली.

म्हणून माझं मत सांगते. नीती धर्मातून येते असं आपण म्हणतो, पण आपल्या इतिहासात धर्मालाच वेळोवेळी नीतीपुढे उभं राहून जाब द्यावा लागला आहे. आपल्या धर्मातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे भाविक माणूस ठरवतो, तेव्हा तो ज्या मोजमापानं ठरवतो ते धर्मग्रंथाच्या बाहेरचं असतं. सती, केशवपन, शिवाशिव या सगळ्याला शास्त्राधार काढून दाखवणारे होते, आणि तरी आज घरोघरची श्रद्धाळू माणसं त्यांच्याकडे लाजेनं बघतात. ही लाज त्यांना पोथीनं शिकवलेली नाही.

पण इथं थांबणं अर्धवट होईल. धर्म काहीतरी करतो, आणि ते थोडंथोडकं नाही.

1973 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. अमेरिकेत प्रिन्स्टनला धर्मोपदेशक होण्याचं शिक्षण घेणाऱ्या 40 विद्यार्थ्यांना भाषणासाठी शेजारच्या इमारतीत जायला सांगितलं. काहींचा विषय बायबलमधला चांगला शोमरोनी होता, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसाची गोष्ट. वाटेत एक माणूस दाराशी वाकून खोकत, कण्हत बसवलेला होता. ज्यांना उशीर झालाय असं सांगितलं होतं, त्यांच्यापैकी 10 टक्के थांबले. ज्यांच्या हाताशी वेळ होता, त्यांच्यातले 63 टक्के. शोमरोन्याची गोष्ट डोक्यात असण्यानं म्हणावा असा फरक पडला नाही. मोरोक्कोत माराकेशच्या जुन्या बाजारातला अभ्यास याच्या जोडीनं वाचावा. दुकानदारांना पैसे स्वतःला घ्यायचे की दानाला द्यायचे हे निवडायला सांगितलं होतं. अजान कानावर पडत असताना ते स्पष्टपणे अधिक उदार झाले. माणसं तीच, श्रद्धाही तेवढीच. अजान थांबली की औदार्य उतरलं. मनात श्रद्धा असून पुरत नाही, तिची वेळेवर आठवण व्हावी लागते, असं मला या दोन्हींतून दिसतं. आठवण करून देण्यात धर्माचा हात कुणी धरणार नाही. काकड्याला उठवणारा, एकादशीला थांबवणारा, आषाढात चालायला लावणारा, दारात आलेल्याला घास द्यायला लावणारा तो एक मोठा दिनक्रम आहे.

नास्तिकांच्या बाजूनं एक अभ्यास फार मिरवला गेला, त्याचंही सांगायला हवं. सहा देशांतल्या हजाराहून अधिक मुलांवरचा हा अभ्यास 2015 साली आला. निधर्मी घरातली मुलं अधिक उदार असतात, असा त्याचा निष्कर्ष. जगभर बातम्या झाल्या. नंतर आकडेमोडीत देशांची नोंद चुकीच्या पद्धतीनं घेतल्याचं उघड झालं आणि 2019 साली तो मागे घ्यावा लागला. देव न मानल्यानं आपोआप कुणी चांगलं होत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आक्षेप याहून मूलगामी आहे. धर्माच्या नावाखाली झालेला अन्याय त्यांच्याइतका सोसलेल्या आणि अभ्यासलेल्या माणसानं धर्मच नको म्हटलं असतं, तर ते समजण्यासारखं होतं. ते तसं म्हणाले नाहीत. समाज नुसत्या कायद्याच्या धाकावर उभा राहू शकत नाही, बहुसंख्य माणसांना नीतीनंच बांधून ठेवावं लागतं, आणि त्यासाठी धर्म हवा, असं ते 1950 च्या सुमारास मांडत होते. मात्र त्या धर्मानं विज्ञानाशी भांडू नये, स्वातंत्र्य, समता, बंधुता मानावी आणि दारिद्र्याला पुण्य म्हणू नये, या अटी. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात त्यांनी जो धम्म घेतला, त्यात ईश्वराला स्थान नाही. इतर धर्मांत देवाची जी जागा, ती धम्मात नीतीची, असं त्यांनी त्यांच्या अखेरच्या ग्रंथात दाखवलं आहे. मला वाटतं, बाबासाहेबांना जे दिसलं ते गोरांनाही आपल्या परीनं दिसलं होतं. एकट्या माणसाचा विवेक त्याला एकट्याला तारून नेईल, पण वस्तीला धरून ठेवायला सगळ्यांनी मिळून काही करायला लागतं, आणि ते पुन्हा पुन्हा करायला लागतं.

गोरांनी ते केलं. दर पौर्णिमेला त्यांच्याकडे सहभोजन असे. सगळ्या जातींची माणसं यायची, एका पंगतीत बसायची. विजेचे दिवे नसलेल्या खेड्यात रात्री उघड्यावर पंगत मांडायची तर चांदण्याची रात्रच सोयीची. पंचांगातली तिथी होती, पण पूजा नव्हती. घराच्या चौकटीबाहेर अस्पृश्यता पाळत नाही म्हणणारे खूप होते. महिन्यातून एकदा शेजारी बसून जेवायला लागलं की ते म्हणणं खरं की खोटं हे कळत असे. गोरांचा मुलगा लवणम आणि सून हेमलता पुढे स्टुअर्टपुरमला गेले. इंग्रजांनी गुन्हेगार ठरवून टाकलेल्या जमातींची ती वसाहत. तिथं त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. हेमलता या तेलुगू कवी गुर्रम जाशुवा यांच्या कन्या, म्हणजे दलित घरातल्या. गोरांच्या घरात हे आणखी एक आंतरजातीय लग्न.

यंदा सेवाग्रामला गेले तेव्हा बापूकुटीत बराच वेळ बसले. मातीच्या भिंती, त्यांवर मीराबेननं मातीतच उठवलेली झाडं, खाली चटई. संध्याकाळी मोकळ्या मैदानात सर्वधर्म प्रार्थना होते, ती आजही चुकत नाही. तिथं एका जुन्या कार्यकर्त्यांना मी गोरांबद्दल विचारलं. ते म्हणाले, “ते यायचे ते आमच्यातलेच म्हणून. प्रार्थना करतो की नाही यावरून इथं कुणाला खरकटी भांडी माफ नव्हती.”

आज आपल्या आसपास देव न मानणारी माणसं ही पंगत कशी मांडतात, ते मला पाहायचं होतं. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी एक निवृत्त शिक्षक राहतात. अंधश्रद्धेविरुद्धच्या कामात आयुष्य गेलं. पत्नी वारल्या तेव्हा ठरल्याप्रमाणे देहदान केलं. दहावं नाही, तेरावं नाही.

“फॉर्म भरणं सोपं होतं हो,” सर म्हणाले. “तिसऱ्या दिवसापासून घर रिकामं झालं, त्याचं काय करायचं हे आम्ही ठरवलंच नव्हतं. लोक विचारायचे, सर, दहावं कधी? मी म्हणायचो, नाही. मग यायचं कधी हेच त्यांना कळेना. वाईट हेतू कुणाचाच नव्हता.”

पहिल्या दिवशी कडू घास घेऊन आल्या त्या समोरच्या मावशी. पंढरीची वारी चुकवत नाहीत, गळ्यात माळ. पिठलं-भात झाकून आणला आणि सर जेवेपर्यंत हलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही आल्या. चळवळीतली मंडळी मात्र श्रद्धांजलीची सभा घेऊन आपापल्या गावी गेली होती.

हे सरांना लागलं. त्यांनी ते चळवळीच्या बैठकीत बोलून दाखवलं, आणि त्यातून एक यादी तयार झाली. ज्या घरी मृत्यू होईल, तिथं पुढचे तेरा दिवस रोज संध्याकाळी यादीतल्या दोघांनी जाऊन बसायचं. डबा न्यायचा. बँकेची, मृत्यूच्या दाखल्याची, पेन्शनची कामं त्यांतच उरकायची. विधी होवोत किंवा न होवोत, घर कुणाचंही असो. तेराच दिवस का, असं मी विचारलं. सर म्हणाले, “कुणीतरी खूप पूर्वी विचार करून ठेवलाय तो आकडा. तेवढे दिवस लागतात.”

मावशींचे यजमान गेल्या वर्षी गेले. त्यांच्याकडे सगळे विधी झाले. सर नदीवर दशक्रियेला गेले. पिंडाला हात लावला नाही, पण भर उन्हात आलेल्यांना पाणी देत फिरले. मावशींना मी विचारलं, देव न मानणाऱ्या माणसाचा भरवसा धरावा का? त्यांनी माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं. “सर रोज यायचे की,” त्या म्हणाल्या. आणि यादीचा कागद काढून दाखवला. त्यात आता त्यांच्या मुलाचं नाव आहे. तो एकादशी धरतो, त्यामुळे त्या दिवशी डबा दुसऱ्यानं न्यायचा, अशी नोंद सरांच्या अक्षरात समासात केलेली आहे.